शब्द नसले म्हणून संगीताला गाव नसते काय?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत प्रादेशिक संगीतावर सुरू असलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचत आहे. गेल्या भागातील एका विधानाबद्दल मात्र लिहावेसे वाटते. संगीताला प्रदेश मिळतो तो गाण्याच्या बोलीतून, आणि शब्द काढून घेतले की उरणारे वाद्यसंगीत कोणत्याच गावचे राहत नाही, अशा आशयाचे ते विधान आहे. लावणी, ओवी आणि गोव्यातील मांडो यांची उदाहरणे लेखकांनी नेमकी दिली आहेत आणि त्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु वाद्यसंगीताबद्दलचा निष्कर्ष घाईचा आहे. तो का घाईचा आहे हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम लांबचे उदाहरण घेतो, कारण जवळचे घेतले तर ‘तुम्ही मिरजेचे, तुम्हाला तसे वाटणारच’ असे कोणीही म्हणेल. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरात जन्मलेली ‘स्टार्स ऑफ द लिड’ ही दोघांची जोडी.

ऑस्टिन हे गाणाऱ्यांचे शहर. 1991 साली तेथील नगर परिषदेने ‘जगाची लाइव्ह म्युझिकची राजधानी’ असे बिरूदच शहराला लावून घेतले, आणि 1987 पासून तेथे भरणाऱ्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवाला देशोदेशीचे कलावंत जातात. कंट्री, ब्लूज आणि रॉक या गीतप्रधान प्रकारांनी रात्री गजबजणाऱ्या या शहरात ब्रायन मॅकब्राइड आणि अ‍ॅडम विल्ट्झी या दोन तरुणांनी 1993 च्या सुमारास गिटार हातात घेतली आणि तिच्यातून गाणे तर नाहीच, ठेकाही काढला नाही. ढोलताशा नाही, ड्रम नाहीत, गायक नाही. गिटारचा आवाज पायाखालच्या पेडलने असा हळूहळू वर आणायचा की तार छेडल्याचा क्षण ऐकूच येऊ नये, आणि मग तो स्वर दुसऱ्या स्वरात विरघळेपर्यंत धरून ठेवायचा, अशी त्यांची रीत होती. सुरुवातीची ध्वनिमुद्रणे चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर झाली, आणि टेपची खरखर त्यांनी लपवली नाही.

सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने 1994 मध्ये ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द रूढ केला तो रॉकची वाद्ये रॉकपेक्षा वेगळ्या कामासाठी, म्हणजे धुनेऐवजी नादाच्या पोतासाठी, वापरणाऱ्यांना उद्देशून. ही व्याख्या या जोडीला चपखल बसते. त्यांना पोस्ट-रॉक म्हणावे की अँबियंट, म्हणजे ठेक्याऐवजी वातावरण उभे करणारे संथ संगीत, यावर जाणकारांचे एकमत नाही. घराण्यांच्या सीमांवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांनी तरी त्याचे नवल करू नये.

आता मूळ प्रश्न असा की, यात ऑस्टिन कोठे आहे? माझ्या मते ते सर्वप्रथम रेडिओत आहे. ऑस्टिनमधील टेक्सास विद्यापीठाचे विद्यार्थी केव्हीआरएक्स नावाचे रेडिओ केंद्र स्वतः चालवतात, आणि मॅकब्राइड तेथे कार्यक्रम करत असे. ‘गाजलेले एकही नाही, आणि तेही सदासर्वकाळ’ अशा अर्थाचे या केंद्राचे ब्रीद आहे. 91.7 ही कंपनसंख्या हे केंद्र शहरातील एका सहकारी तत्त्वावरील केंद्राबरोबर वाटून घेते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहकारी केंद्र बोलते आणि नंतर रात्रभर विद्यार्थी. (सहकार हा शब्द आमच्या सांगली जिल्ह्याला नवा नाही, पण सहकारातून कारखाने आणि बँका निघतात तसा रेडिओही निघू शकतो, हे आम्हाला सुचले नाही.) जेथे लोकप्रिय गाणे वाजवायचेच नाही असा नियम आहे, तेथे वीस मिनिटे एकाच स्वराभोवती घुटमळणारा तुकडा मध्यरात्री वाजवता येतो, आणि तो ऐकणारा चार गल्ल्यांपलीकडे जागा असतो. असे संगीत निर्वातात जन्मत नाही. त्याला एक विशिष्ट शहर लागते, ज्यात विद्यापीठ, विद्यार्थ्यांच्या हातातले प्रक्षेपण आणि विक्षिप्तपणा खपवून घेणारे लोक एकत्र असतात.

दुसरी खूण याहून ठळक आहे. शिकागोच्या ‘क्रँकी’ या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या छोट्या कंपनीने 2001 मध्ये या जोडीचा सुमारे दोन तासांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात तीन भागांची एक रचना आहे आणि तिचे नावच ऑस्टिनच्या मनोरुग्णालयावरून ठेवलेले आहे. हे सरकारी रुग्णालय 1861 पासून रुग्ण घेत आहे. टेक्सासमधील या प्रकारचे ते सर्वांत जुने. विद्यापीठाला लागून जाणाऱ्या ग्वाडलूप रस्त्याने उत्तरेकडे गेले की ते लागते. रचनेत एक शब्द नाही. पण ते नाव वाचून ती ऐकणाऱ्या ऑस्टिनकराला जो रस्ता आठवेल, तो मला किंवा पॅरिसच्या श्रोत्याला आठवणार नाही. गाण्याच्या बोलीतून स्थानिक माणसाला जे जास्तीचे ऐकू येते म्हणून आपण त्याला प्रादेशिक म्हणतो, तेच येथे घडते.

याच शहरातले दुसरे उदाहरण कदाचित लेखकांना अधिक पटेल. 1999 मध्ये स्थापन झालेला ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ हा चौघांचा शब्दविरहित पोस्ट-रॉक संच आहे. पश्चिम टेक्सासमधील ओडेसा गावच्या शालेय फुटबॉल संघावर 2004 मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा त्याचे पार्श्वसंगीत या संचाकडे आले. संचातील तीन गिटारवादक ओडेसाला खेटून असलेल्या मिडलंडचेच आहेत.

माझ्याच मुद्द्यातील एक अडचण मात्र मी लपवणार नाही. विल्ट्झी पुढे ब्रुसेल्सला स्थायिक झाला, तर मॅकब्राइड लॉस एंजेलिसला गेला. दोघे ध्वनिमुद्रित तुकडे टपालाने एकमेकांना पाठवून रचना पुऱ्या करू लागले. 2007 च्या त्यांच्या शेवटच्या मोठ्या संग्रहात तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये अधिक आहेत, ध्वनी स्वच्छ आहे, आणि बहुतेक समीक्षक त्यालाच त्यांची परिपक्व कृती मानतात. माझ्या कानाला मात्र त्यात गाव पुसट झालेले वाटते. तो उत्तम संग्रह कोणत्याही सुसज्ज स्टुडिओत होऊ शकला असता, आणि आधीचे खरखरीत ध्वनिमुद्रण तसे कोठेही होऊ शकले नसते. म्हणजे शब्दाविना संगीताला गाव असते, इतकेच नव्हे, तर ते हरवूही शकते. जे मुळात नव्हतेच ते हरवणार कसे?

मॅकब्राइडचे ऑगस्ट 2023 मध्ये वयाच्या 53 व्या वर्षी निधन झाले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना वादविवाद शिकवत असे. शब्दांवर पोट असलेल्या या माणसाने या जोडीच्या संगीतात मात्र गीताला जागा दिली नाही. जोडीचे नावही त्यानेच समजावून सांगितले होते. डोळे मिटल्यावर पापणीच्या आतल्या बाजूला दिसणारे प्रकाशाचे ठिपके, म्हणजे ज्याचा त्याचा खासगी सिनेमा, असा त्याचा अर्थ.

आता थोडे घराकडे. धरून ठेवलेला स्वर ही अमेरिकेने आपल्याकडून शिकलेली गोष्ट आहे, असा सरसकट दावा मी करणार नाही. परंतु किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग व टेरी रायली या अमेरिकी संगीतकारांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले, हे सर्वज्ञात आहे. त्याच घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि 2024 मध्ये येथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याला शब्द नाहीत, बोली नाही. तरीही त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानातून येतो, आणि जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा नाद घुमवणारा पृष्ठभाग, लावणारे हात शिकलगारांच्या, म्हणजे पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांच्या, परंपरेतले असतात. जवारीवर दोरा सरकवून कारागीर कान लावतो, तेव्हा त्यालाही तेच साधायचे असते, जे ऑस्टिनच्या त्या दोघांना पेडलने साधायचे होते. आघात ऐकू न येता नुसता नाद पुढे वाहत राहावा, एवढेच.

म्हणून लेखकांना विनंती आहे की, मालिकेच्या उरलेल्या भागांपैकी एक भाग शब्दांवाचूनच्या संगीतासाठी राखावा. तो ऑस्टिनवर असला तरी चालेल, पण मिरजेवर लिहायचे झाल्यास जवारी लावली जात असताना समोर बसून ऐकल्याशिवाय लिहू नये. त्यासाठी सकाळची वेळ बरी, कारण दुपारनंतर आमच्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे फार असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज