दहावीच्या निकालाआधीच पालकांना हे नियम सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या पूर्वपरीक्षा तोंडावर आल्यात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मे महिन्यात निकाल लागल्यावर लिहून उपयोग नाही, कारण तोवर पालकांच्या हातातली वेळ निघून जायला लागलेली असते.

विट्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट उघडते. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की निकाल समोर. पास झालेली पोरं प्रिंट घेतात, पेढे वाटतात, जातात. एक-दोन विषयांत राहिलेलं पोर मात्र प्रिंटही न घेता मागच्या मागं निघून जातं. त्याला हाक मारून परत बसवावं लागतं आणि त्याच्या आईला सांगावं लागतं, की बाई, वर्ष वाया गेलेलं नाही. हे सांगायचं काम खरं तर शाळेचं आहे, तेही निकालाच्या आधी. माझं म्हणणं एवढंच आहे.

२०२४ च्या निकालाला घाटमाथ्यावरच्या एका गावातली मुलगी आईबरोबर आली होती. गणित आणि इंग्रजी गेलं होतं. वडील कोइमतूरला गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात. आमच्या खानापूर-आटपाडीतली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईवर चालतात. बाप परमुलखात, घरात आई आणि आजी, आणि शाळेच्या कागदांचं सगळं फोनवर. आईनं मला विचारलं, “ताई, आता हिचा दाखला काढावा लागंल न्हवं?” फोनवर वडील म्हणत होते, राहू दे आता घरीच, पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. मुलगी सोळा वर्षांची होती.

त्या माउलीला तीन गोष्टींची कल्पना नव्हती. एक, राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जुलैत असते. दोन, तिचा अर्ज शाळेमार्फतच भरायचा असतो आणि तो निकालानंतर लगेच सुरू होतो. तीन, एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. गुणपत्रिकेवर तसा शेरा होता, पण तो वाचून त्याचा अर्थ सांगणारं कुणी नको का? मी वडिलांशी फोनवर बोलले, शाळेत क्लार्कना फोन लावला. मुलगी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून आली. आज ती बारावी कॉमर्सला आहे. ती त्या दिवशी दुसऱ्या दुकानात गेली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

ही सोय काही नवी नाही. पूर्वी नापासांची परीक्षा ऑक्टोबरला व्हायची, त्यामुळं पास होऊनही वर्ष हातचं जायचं. २०१५ पासून ती जुलैत यायला लागली, ती याचसाठी की पोरांना त्याच वर्षी अकरावीत बसता यावं. २०२५ ला तर जूनच्या अखेरीसच परीक्षा सुरू झाली. मंडळानं दार उघडलं, पण दार कुठं आहे हे गावात कुणी सांगितलं नाही. खेळाचे वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे मिळतात, हे पालकांना पाठ असतं, कारण शाळा त्यासाठी मागं लागून प्रमाणपत्रं गोळा करतात. राहिलेल्या पोराला काय मिळतं, ते मात्र त्याच पालकांना माहीत नसतं.

दुसरा घोळ पेपर तपासणीचा. लोक सरसकट ‘रिचेकिंग लावायचंय’ म्हणत येतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. त्याला विषयाला ५० रुपये. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची तर ४०० रुपये. आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेणं, ३०० रुपये. आता खरी मेख पुढं आहे. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन करता येत नाही, आणि छायाप्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रतीची मुदतही निकालानंतर साधारण पंधरा दिवसांची. म्हणजे एका विषयाला ७०० रुपये आणि दोन ठिकाणी घड्याळाशी शर्यत. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बाईची एकेक दिवसाची हजेरी यात जाते. ती पैसे जमवून येईपर्यंत तारीख संपलेली असते.

मागच्या जूनमध्ये एक पिकअपवाले वडील आले. पोरगा इंग्रजीत राहिला होता. पेपर चांगला गेला होता, असं त्याचे क्लासचे सरही सांगत होते. वडील द्राक्ष-बेदाण्याच्या फेऱ्यांत होते, घरी परत आले तेव्हा आठ दिवस उशीर झाला होता. मी साइट उघडून दाखवली, अर्ज बंद. ते काही बोलले नाहीत, पोराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्या पेपरात नेमकं काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. त्याच पंधरवड्यात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धांदल असते. २०२५ पासून सगळ्या राज्याला हे ऑनलाइन लागू झालं. आधी आमच्याकडची पोरं थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरायची. आता कॉलेजांचा पसंतीक्रम, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर यांतच घर गुंतलेलं असतं. अशा गडबडीत पाच दिवसांची मुदत लक्षात राहील कशी?

शाळेकडून येणाऱ्या वीस गुणांचंही बोलायला हवं. लेखी ८० आणि शाळेचे २०. भाषेला तोंडी, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला स्वाध्याय. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि समाजशास्त्राचे हे गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. एवढा फरक ज्या गुणांनी पडतो, ते पोराला का मिळाले किंवा का मिळाले नाहीत, हे पालकाला एकदा दाखवून त्याची सही घ्यायला काय हरकत आहे? तोंडी परीक्षेच्या दिवशी मूल तापानं फणफणलं असेल तर त्याच्यासाठी लेखी परीक्षेनंतर ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा असते. हेही मी कुणा पालकाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

पास झालेल्यांसाठीही सोय आहे. मार्च २०२५ ला पहिल्यांदाच सगळ्या विषयांसह बसून पास झालेल्या मुलाला गुण सुधारायला पुढच्या तीन परीक्षांची संधी दिली आहे. सीबीएसईनं तर २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा ठेवली आहे. फेब्रुवारीची सगळ्यांना सक्तीची, आणि दुसऱ्यांदा तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात. त्या शाळांतल्या पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आतापासून याच चर्चेनं भरलेत. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवी करून हायस्कुलात आलेल्या पोराच्या घरी असा ग्रुप नसतो. आता तर पाचवी-आठवीपासूनच नापास करायला सुरुवात झाली आहे. २०२३-२४ पासून या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा, राहिलं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिलं तर तोच वर्ग. दहा वर्षांच्या लेकराच्या आईलाही हे नियम आता कळायला हवेत.

शाळांना सांगायची इच्छा का नसावी? सरसकट आरोप मी करणार नाही. क्लार्क एकटा, शिक्षकांवर बाहेरच्या कामांचा डोंगर, हे मला रोज दिसतं. सकाळी फॉर्मची फाइल घेऊन स्वतः माझ्या दुकानात येणारे मुख्याध्यापकही मला माहीत आहेत. पण ‘निकाल १०० टक्के’ असा फलक चौकात लावायची हौस फार वाढली आहे, आणि त्या हौसेपायी नववीतच कच्च्या पोराला ‘तू १७ नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेरचा रस्ता दाखवतात. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, शाळा सुटलेल्यांसाठी आहे, शाळेत रोज येणाऱ्यांना घालवण्यासाठी नाही. असं पोर आईबरोबर माझ्यासमोर बसतं तेव्हा फॉर्म भरायच्या आधी मी विचारते, शाळेनं लेखी काही दिलंय का? लेखी काहीच नसतं. शाळेनं हाकललेलं पोर शाळेच्या टक्क्यांत मोजलंच जात नाही, याचं कुणाला काही वाटत नाही, हे मला सहन होत नाही.

मागणी छोटी आहे. पूर्वपरीक्षेच्या निकालाला पालकसभा असतेच. त्या दिवशी प्रत्येक पालकाच्या हातात मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. त्यात पुरवणी परीक्षा, एटीकेटी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, गुणसुधार, प्रत्येकाचा खर्च आणि मुदत असावी. निकालाची तारीख जाहीर झाली की शाळेनं मुदतीच्या तारखा त्यावर लिहून नोटीस बोर्डावर लावाव्यात. गलाईला गेलेल्या बापाला त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जाईल. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. मंडळानंच हा कागद छापून दोन्हीकडच्या शाळांना पाठवला तर कुणा मुख्याध्यापकाला वेगळे कष्ट नाहीत.

असा एक कागद मी तयार करून दुकानाच्या काचेवर लावलाय. माझा नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवते. कुणा मुख्याध्यापकांना कागद हवा असेल तर त्यांनी फोन करावा. शाळेत पट असेल तेवढ्या झेरॉक्स काढून देईन, पैसे घेणार नाही. फक्त मार्चच्या आत न्यावा.

आपली,
एक झेरॉक्स दुकानदार
विटा, ता. खानापूर, जि. सांगली