एन्क्रिप्टेड मेल आला म्हणून पाठवणारा खराच असतो असं नाही

संपादक महोदय,

मेल एन्क्रिप्टेड (ज्याला पाठवला त्यालाच वाचता येईल असा लॉक केलेला) आहे म्हणजे पाठवणारा खराच असं बरेच जण धरून चालतात, पण आपली पब्लिक की (मेल लॉक करायची किल्ली) सगळ्यांना उघड असते, तिच्याने मेल लॉक करून कुणीही पाठवू शकतो, ओळख पटते ती डिजिटल सहीने, जी पाठवणारा स्वतःच्या गुप्त किल्लीने करतो. आणि ती सही तपासायची की तरी खरी कशावरून? पीजीपी (मेल लॉक करायचा आणि त्यावर सही करायचा प्रोग्राम) १९९१ पासून आहे, तरी कुणाच्याही नावाने की बनवता येते. म्हणून कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख सांगणारा अक्षर-आकड्यांचा कोड) फोनवर किंवा समोरासमोर जुळवा, अख्खी ४० अक्षरं, नुसती शेवटची ८ नकोत, तेवढी जुळणारी नकली की बनते हे २०१४ मध्येच दाखवलं गेलंय. त्याच मेलमध्ये आलेल्या फिंगरप्रिंटवर तर प्लीज विसंबू नका. की अचानक बदलली तर आधी फोन करा, मगच उत्तर द्या.

– एक वाचक