पुस्तकं काढण्याआधी

दांडिया बाजार,
वडोदरा

प्रिय माधुरी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ग्रंथालयात 16 हजार पुस्तकं, ठासून भरलेली कपाटं आणि कार्यकारिणीचा ठराव: ‘जुनी 4 हजार पुस्तकं बाद करावीत.’ जुनी म्हणजे कोणती, हे ठरावात कुठेच नाही. ते घोंगडं तुझ्या गळ्यात! रद्दीवाल्याला निरोप धाडण्याआधी एवढं वाच.

पुस्तकाचं वय आणि पुस्तकाचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागो विद्यापीठात फसलर आणि सायमन या अभ्यासकांनी 1961 मध्ये हेच तपासलं. पुढे कोणतं पुस्तक वाचलं जाईल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज ते मागे किती वाचलं गेलं यावरून येतो, असं त्यांना दिसलं. मग आला पिट्सबर्ग विद्यापीठाचा 1979 चा अहवाल. त्यानं तर खळबळच उडवली. 1969 मध्ये घेतलेल्या 36,892 पुस्तकांपैकी 14,697 पुस्तकं 1975 अखेरपर्यंत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. म्हणजे जवळजवळ 40 टक्के. पहिल्या 2 वर्षांत जे पुस्तक हललं नाही, ते पुढे कधी जाण्याची शक्यता चारात एक. 6 वर्षांत हललं नाही, तर पन्नासात एक. तिथल्या प्राध्यापकांनी या अभ्यासावर कडाडून आक्षेप घेतले. मला त्यातला एक आक्षेप पटतो: घरी नेणं म्हणजेच वापर नव्हे. त्याच्याकडे पुढे येते.

तुझ्या कामाची खरी युक्ती ट्रूसवेल या अमेरिकन अभ्यासकांची. 20 टक्के पुस्तकांवर 80 टक्के देवघेव चालते, हे त्यांचं 1969 चं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यामागची पद्धत मात्र फारसं कुणी वापरत नाही. ती अशी. काउंटरवर पुस्तक द्यायला घेतलंस की आजचा शिक्का मारण्याआधी पुस्तकात डकवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख वहीत उतरवून घे. अशी सलग 400 पुस्तकं. पहिल्यांदाच जाणाऱ्या पुस्तकाला आधीची तारीख नसणार. तिथे दाखल नोंदवहीतली तारीख धर. मग आजपासून मागे मोजत जा. समजा 400 पैकी 384 तारखा गेल्या 3 वर्षांतल्या निघाल्या. याचा अर्थ 3 वर्षांहून जास्त पडून असलेली सगळी पुस्तकं मिळून तुझी फक्त 4 टक्के मागणी भागवतात. आता कपाटांकडे वळ. दर चाळिसावं पुस्तक काढून त्याची चिठ्ठी बघ, पुन्हा 400 होतील. 400 चा नमुना साधारण 5 टक्के इकडेतिकडे धरून विश्वासाचा असतो. त्यात 3 वर्षांपलीकडची 100 सापडली, तर संग्रहात अशी सुमारे 4 हजार आहेत. ठरावातला आकडा हवेतला आहे की खरा, ते तिथे कळेल.

आता चुकतं कुठे ते सांगते. चिठ्ठी भरली की वर नवी डकवतात, कधी जुनी फाडून टाकतात. मग दहा वर्षं गाजलेलं पुस्तक कोरं दिसतं. बांधणीहून आलेल्याचंही तेच. म्हणून नवी चिठ्ठी दिसली की तिच्याखाली बघ. मुदतवाढीचा शिक्का वेगळी देवघेव म्हणून धरू नकोस. कपाटं बघताना सभासदांकडे गेलेली पुस्तकं सुटतात आणि तीच सगळ्यात चालणारी असतात, तेव्हा दर चाळिसावं निवडायचं ते दाखल नोंदवहीतल्या क्रमांकावरून. मोजणी दिवाळीनंतर तर मुळीच नको. त्या दोन महिन्यांत सभासद दिवाळी अंकांवर तुटून पडतात, कादंबऱ्या कपाटात बसून राहतात.

आणि तो आक्षेप. कोश, पंचांगं, जुन्या मासिकांच्या बांधीव फायली कुणी घरी नेत नाही. आजोबा मंडळी येतात, टेबलावर उघडतात, टिपण करतात, जातात. त्यासाठी महिनाभर पाटी लाव: ‘वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवावे, कपाटात लावू नये.’ रोज रात्री कुलूप लावण्याआधी टेबलावरच्या पुस्तकांत पेन्सिलीनं एक खूण कर, मग जागेवर लाव. शिस्तप्रिय सभासद तरीही पुस्तक नेऊन लावणारच, त्यामुळे आकडा थोडा कमीच भरेल.

न हललेलं पुस्तक कधी कधी न सापडलेलं असतं. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला ग्रंथपाल क्लेव्हरडन यांनी 1960 च्या दशकात 1,400 लेख घेऊन सूचीच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा मोठमोठ्या विषय-रचनांपेक्षा लेखातलेच साधे सुटे शब्द सरस ठरले. तज्ज्ञांना ते आवडलं नाही, हे ओघानं आलंच. तुझ्या सूचीत ‘पाकशास्त्र’ आहे आणि सभासद ‘स्वयंपाक’ शोधतात. ‘बडोदे’, ‘बडोदा’, ‘वडोदरा’ ही तिन्ही नावं एकाच नोंदीकडे नेतात का? बाद होऊ शकणाऱ्या यादीतली वीस-पंचवीस पुस्तकं साध्या शब्दांखाली नोंदवून दाराजवळच्या टेबलावर दोन महिने मांड आणि किती जातात ते बघ.

मासिकांचा खर्च कमी करायचा तर ब्रिटिश ग्रंथपाल ब्रॅडफर्ड. 1934 मध्ये त्यांनी भूभौतिकीचे 1,332 संदर्भ 326 नियतकालिकांत विखुरलेले दाखवले. त्यांतले 429 फक्त 9 नियतकालिकांत होते, पुढच्या 499 साठी 59 लागली, उरलेल्या 404 साठी 258. तुझ्याकडे एवढा पसारा नाही. कोणती पाच मासिकं फाटेपर्यंत वाचली जातात ते बघ, बाकीची वर्गणी थांबव.

एका ढिगाला मात्र कोणताच आकडा लावू नकोस. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभारली, आणि श्री सयाजी साहित्यमालेतून मराठी पुस्तकंही काढली. तसली, किंवा होळकरी इंदूरला छापलेली प्रत तुझ्याकडे असेल, तर चिठ्ठीवर एकही शिक्का नसला तरी ती बाद करायच्या यादीतून काढ. कदाचित तीच शेवटची असेल. आधी दुसऱ्या ग्रंथालयांच्या सूच्या बघ, मग ठरव.

वही ऑगस्टात सुरू कर, म्हणजे दिवाळीच्या आत आटपेल. पानं भरली की फोटो पाठव, कोष्टक मी इथून करून देते. कार्यकारिणीला तोवर सांग, मोजणी चालू आहे.

तुझी,
नीला

ता. क. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतील तर त्या आधी बघ. 4 हजारांतली बरीचशी तिथेच निघतील.