सकाळी सहाचं गरम पाणी: मध्य प्रदेशच्या ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सविनय नमस्कार.

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. वल्लभ भवनात, म्हणजे तुमच्या मंत्रालयात, इंदूर-ग्वाल्हेरकडचा, मराठी वाचून दाखवील असा कोणी ना कोणी असेलच. शिवाय मला विचार करायचा तर तो मराठीतच होतो, त्याला इलाज नाही.

माझा धंदा गिझर दुरुस्तीचा. छत्तीस वर्षं केला, आता दुकान भाच्याच्या हाती दिलंय. दसरा झाला की आमचा सीझन सुरू. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर डबा तसाच परत यायचा, कारण नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला पाणी गरम नाही म्हणजे घराघरांत महाभारत. तेव्हा मी गिझरविरुद्ध बोलणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं आहे. तरी बोलतो, कारण गिझर आतून जेवढा मी पाहिलाय तेवढा विकणाऱ्यानंही पाहिलेला नसतो.

इंदुरातला बोरिंगच्या पाण्यावर चालणारा गिझर पाच वर्षांनी उघडा. कॉइल दिसतच नाही. तिच्यावर पांढऱ्या क्षारांचं असं कवच बसलेलं असतं की छिन्नी लावावी लागते, आणि पोपडे परातीत पडले की जुन्या वाड्याची भिंत खरवडल्यासारखं वाटतं. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची एक कांडी आत असते. तिची नुसती तार उरलेली असते. कवचामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, ती आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते. मग मला फोन.

पण हा माझ्या पोटापाण्याचा भाग झाला. तुमच्या खात्याशी संबंध आहे तो विजेचा.

साधा 15 लिटरचा गिझर घ्या, 2000 वॉटची कॉइल. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी 18 अंशांच्या आसपास असतं. ते 60 अंशांपर्यंत न्यायला पाऊण युनिट जातं, बावीस-तेवीस मिनिटं लागतात. चार माणसांच्या घरात ही टाकी सकाळी तीनदा तरी तापते. त्यात बटण बंद करायची सवय कोणाला नाही. न वापरलेलं पाणी दुपारी निवतं, पुन्हा तापतं, पुन्हा निवतं. नुसती टाकी गरम ठेवायला चोवीस तासांत किती वीज जाते तो आकडा स्टार लेबलवर छापलेला असतो. गिऱ्हाईक स्टार मोजतं, आकडा वाचणारा मला छत्तीस वर्षांत भेटला नाही. एकूण धरा दिवसाला तीन युनिटं, महिन्याला नव्वद.

आता आपली अटल गृह ज्योती योजना. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत. चांगली योजना आहे, आमच्या गल्लीतली निम्मी घरं तिच्यावर आहेत. पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून ही घरं 130-140 युनिटांवर असतात. नोव्हेंबरात गिझर सुरू झाला की आकडा 220 च्या पुढे. नव्वद युनिटांचे पैसे लागतातच, वरून 100 रुपयांवाली सवलतही हातची जाते. चारशे-साडेचारशेचं बिल दीड हजाराच्या पुढे जातं. माणसं माझ्याकडे यायची, म्हणायची, ‘मिस्त्री, मीटर पळतंय, बघा जरा.’ मीटर ठीकच असायचं. खजिन्याच्या बाजूनं पाहिलं तर त्या चार महिन्यांत सवलतीचे पैसे वाचतात, तेव्हा तिकडून कोणी तक्रार करत नसेल.

मात्र खजिन्याचा हा फायदा दिसतो तेवढा खरा नाही. आपल्या राज्यात विजेची मागणी सगळ्यात जास्त चढते ती मे महिन्यात नव्हे, हिवाळ्यात, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत. शेतात मोटारी चालू आणि शहरात त्याच थंडीत सकाळी सहा ते नऊ गिझर. सूर्य तेव्हा उगवायचा असतो किंवा नुकता उगवलेला, सोलर प्लांट जेमतेम जागे झालेले. म्हणजे हा भार पडतो कोळशावर. खंडव्याजवळचं आपलं श्री सिंगाजी वीज केंद्र 2520 मेगावॉटचं. तिथे कोळसा जाळून पाणी तापवायचं, त्या वाफेनं टर्बाइन फिरवायचं, कोळशातल्या उष्णतेतला एक तृतीयांशच्या आसपास भाग वीज होऊन तारेत येणार, आणि इंदुरात त्या विजेनं पुन्हा पाणीच तापवायचं. पाण्यानं सुरुवात, पाण्यानं शेवट, मधल्या मध्ये दोन तृतीयांश उष्णता गेली.

आणि इंदूरचं आकाश कसं, ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळा सरला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी लख्ख ऊन. शब-ए-मालवा म्हणून आपण ज्या गार रात्रींचं कौतुक करतो, त्यांच्या मागचा-पुढचा दिवस कोरडा आणि निरभ्र असतो. पारा दहाच्या खाली उतरतो त्या आठवड्यातही माझ्या गच्चीवरच्या सोलरचं पाणी संध्याकाळी हात भाजेल एवढं तापलेलं असतं. टाकीला चांगलं पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं फोमचं आवरण, असेल तर सकाळी त्यात बादलीला अर्धं गार मिसळावं लागतं.

सूर्याशी आपल्या शहराचं वाकडं आहे असंही नाही. 2023 मध्ये इंदूर महापालिकेनं 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदजवळ 60 मेगावॉटचा सोलर प्लांट उभारायला, कारण नर्मदेचं पाणी तिथून विंध्याचा घाट चढवून शहरात आणायचं तर विजेचं बिलच कंबरडं मोडतं. लोकांनी मागणीच्या कितीतरी पट पैसे देऊ केले. तर नर्मदामाई घाट चढणार सूर्यावर, आणि शेवटच्या पंधरा फुटांत, आमच्या न्हाणीघरात, तापणार कोळशावर. हे मला पचत नाही.

कोणी म्हणेल, पीएम सूर्य घर योजना आहे ना. आहे. 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे, लोक पॅनेल लावताहेत, छानच आहे. पण पॅनेल लावलेलं घरही सकाळी सहाला ग्रिडमधूनच वीज घेतं. दिवसा दिलेली युनिटं कागदावर वळती होतात, त्यामुळे घरमालकाचं बिल शून्य होतं. तुमच्या लाइनवरचा सकाळचा भार तसूभर कमी होत नाही. जागेचा हिशेबही पाहा. 100 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साडेचार-पावणेपाच युनिटं लागतात. तेवढी वीज रोज करायला सव्वा किलोवॉटच्या आसपास पॅनेल हवी, म्हणजे सहाएक चौरस मीटर जागा. नळ्यांचा सोलर हीटर तेच काम दोन-अडीच चौरस मीटरमध्ये करतो. शिवाय दुपारची उष्णता तो टाकीत साठवून ठेवतो, त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. तरी पॅनेलला सबसिडी, आणि सोलर वॉटर हीटरची केंद्राची सबसिडी 2014 मध्येच बंद झाली.

ती पुन्हा सुरू करा असं मी मागत नाही. तो काळ मी जवळून पाहिलाय. सबसिडी जेवढी, तेवढी किंमत आधीच चढवलेली असायची. एका विक्रेत्यानं आमच्या ओळखीच्या सोळा फ्लॅटच्या इमारतीवर आठ हीटर बसवले. गार पाण्याची टाकी गरम टाकीपेक्षा उंच हवी, ही पहिली गोष्ट त्यानं पाळली नाही, आणि कलेक्टरचं, म्हणजे ऊन झेलणाऱ्या नळ्यांच्या चौकटीचं, तोंड दक्षिणेला हवं ते सोयीसाठी पश्चिमेला फिरवलं. दोन उन्हाळे गेल्यावर बोअर आटलं, नळ्या कोरड्या पडल्या. एका दुपारी टँकर आला, गार पाणी थेट तापलेल्या काचेत गेलं आणि नळ्या तडातड फुटल्या. आवाज ऐकून खालची पोरं फटाके समजली. विक्रेत्याचं दुकान तोवर उठलेलं. सांगाडे अजून गच्चीवर आहेत, त्यांच्यावर पापड वाळत घालतात. त्या इमारतीत सोलरचं नाव काढायची सोय राहिलेली नाही, आणि मी त्या लोकांना दोष देणार नाही.

दुसरी अडचण पाइपाची आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. आमच्या लहानपणी रामबागेतल्या घरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात ढलप्या आणि गोवऱ्यांचा जाळ, भोवती पाणी. वरून तांब्याभर गार ओतलं तरच तोटीतून तांब्याभर गरम मिळायचं. आजी म्हणायची, ‘घेतोस तेवढं घाल.’ पण बंब न्हाणीघराच्या दारातच असे, पाणी निवायला वाटच नव्हती. सोलर असतो गच्चीवर आणि अंघोळ तळमजल्यावर. पाऊण इंची पाइप वीस मीटर असेल तर त्याच्या पोटात सहा लिटर गार पाणी असतं. गरम येईस्तोवर ते मोरीत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत कोणती गृहिणी हे सोसेल? ती नळ बंद करते आणि गिझरचं बटण दाबते. पाइपाला चांगलं आवरण असेल, गरम लाइन सरळ शाफ्टमधून उतरवली असेल, शक्य तिथे पाइपातलं निवलेलं पाणी टाकीत परत नेणारी फिरती लाइन असेल, तर ही कटकट उरत नाही. पण ते इमारत बांधतानाच करावं लागतं. नंतर टाइल्स फोडून कोणी करत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाहीच. इमारतींच्या बांधकामाचे भूमी विकास नियम तुमच्या खात्याकडे नाहीत, नगरविकासाकडे आहेत, हे ठाऊक आहे. दोघांनी एकत्र बसा. नवी इमारत असेल तर गच्चीपासून प्रत्येक बाथरूमपर्यंत आवरणाची गरम लाइन, टाकीची योग्य उंची आणि दक्षिणेकडची मोकळी जागा हे सगळं नकाशावर दाखवलंच पाहिजे, आणि पूर्णता प्रमाणपत्र देताना कोणीतरी गच्चीवर चढून ते पाहिलं पाहिजे. चढून, फोटो मागवून नव्हे. इस्रायलनं नव्या घरांना सोलर गरम पाणी 1980 मध्येच सक्तीचं केलं. तेवढं लांब कशाला, बंगळुरूला बिलात युनिटमागे 50 पैसे, जास्तीत जास्त महिन्याला 50 रुपये, अशी सूट सोलर हीटरवाल्यांना मिळत आली आहे. पुण्यात मिळकतकरात सवलत आहे. रक्कम लहान असते, पण ‘तुमच्या गच्चीवर आहे का?’ हा प्रश्न त्यामुळे घरोघरी विचारला जातो.

दुसरी मागणी हप्त्यांची. 100 लिटरचा बरा हीटर वीस-पंचवीस हजारांत बसतो. वर्षाला 1500 युनिटं वाचतील असं माहितीपत्रकात लिहितात. आमच्या इंदुरात एका घरात तेवढी वाचत नाहीत, कारण मार्च ते जून इथे गरम पाणी मागतं कोण? चार महिन्यांची साडेतीनशे युनिटं धरा. नुसत्या त्यावर पैसे वसूल व्हायला आठ-दहा वर्षं जातात. मात्र 150 च्या आत राहून सवलत टिकते ती मिळवली, तर काळ निम्म्यावर येतो. हे गणित सामान्य माणसाला दुकानात कोणी सांगत नाही. वीज कंपनीनं हीटर बसवून बिलातून दरमहा पाचशे रुपये कापून घेतले तर चार वर्षांत फिटतं, आणि सकाळच्या भाराचा फायदा कंपनीलाच होतो. पाणी तपासून यंत्र निवडायचं, हेही कंपनीनंच पाहावं: बोरिंगच्या जड पाण्याला तांब्याच्या बारीक नळीचा कलेक्टर देऊ नये, दोन वर्षांत तुंबतो.

बायपासकडच्या बारा-बारा मजली इमारतींत सगळ्यांना पुरेल एवढी गच्ची नसते. तिथे हीट पंप. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं. दुपारी बारा ते तीन चालवला तर हवाही उबदार आणि सोलरची वीजही मुबलक.

पण सुरुवात करायची तर भंवरकुआंपासून करा. कोचिंगच्या मुलांची ती होस्टेलं आणि पीजी. एकेका खोलीत प्लास्टिकच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडलेला, वायर उघडी, अर्थिंग नाही, आणि पाणी तापलं का बघायला पोरगं बोट घालतं. असे किती रॉड मी भांडून काढून आणलेत त्याची गणती नाही. एका मालकाची एक गच्ची, रोज शंभर बादल्या, पावसाळ्यातही मागणी. सोलर आणि हीट पंपाचे पैसे सगळ्यात लवकर तिथेच सुटतात. होस्टेलचं वीज कनेक्शन देताना किंवा भार वाढवून देताना ही अट घालणं तर पूर्णपणे तुमच्याच खात्याच्या हातात आहे.

आयटीआयमध्ये गिझर-सोलरचा सहा महिन्यांचा कोर्स काढलात तर शिकवायला मी फुकट येईन. कवच बसलेल्या चार कॉइल मी दुकानात जपून ठेवल्यात, पोरांना दाखवायला.

या पत्राची हिंदी प्रत स्पीड पोस्टनं वेगळी पाठवतो आहे. उत्तर हिंदीत आलं तरी चालेल, फक्त नोव्हेंबरच्या आधी यावं. सीझन सुरू झाला की भाच्याला एकट्याला आवरत नाही, मलाही शिडीवर चढावं लागतं.

आपला नम्र,
एक निवृत्त गिझर मिस्त्री
लोकमान्य नगर, इंदूर