तुझ्या कपाटातली सीडी मी ऐकली

मिरज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय निघाला की माझा आवाज भरून येतो आणि तू "राहू दे ना आई" म्हणून दुसरंच काही काढतोस. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

दिवाळीच्या आधी तुझ्या खोलीतलं कपाट झाडायला काढलं. खालच्या खणात, परीक्षेच्या पुस्तकांमागे, रुमालात गुंडाळलेली एक सीडी सापडली. 'द इसेन्शियल पॅन्झी डिव्हिजन', त्या नावाच्या अमेरिकन बँडच्या निवडक गाण्यांची. २००८ साली अमेरिकेहून आलास तेव्हा चॉकलेटं, माझा स्वेटर, बाबांचं दाढीचं मशिन असं सगळं पलंगावर मांडलं होतंस. ही मांडली नव्हतीस. नंतर कित्येक रात्री तू हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास. मी दूध घेऊन दाराशी आले की घाईने बटण दाबायचास. मला वाटायचं, ऑफिसची काळजी असेल.

क्लासमधला सीडी प्लेअर अजून चालतो. मुली गेल्यावर दार लावून बसले. पहिल्या दिवशी दोन गाण्यांतच बंद केली. आवाजाचं काही नव्हतं, पण मला जेवढं इंग्रजी समजतं तेवढ्यानंच कान गरम झाले. दोन पुरुषांमधलं प्रेम आणि शरीरसुख इतकं उघड आणि इतक्या आनंदानं गायलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात. मग मनात आलं, मी स्वतः बैठकीच्या लावण्या शिकवते. त्यात शेजेचं वर्णन कमी असतं का? तिथे आपण मान डोलावतो, दाद देतो. दुसऱ्या दिवशी परत लावली. आज आठवा दिवस. तीसच्या तीस गाणी ऐकून झाली, काही तर चार-चारदा.

माहिती तुझ्या मावसबहिणीनं काढून दिली. तिला तुझं सगळं आधीपासून ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. किती वर्षं तुम्ही मुलं माझ्यापासून हे जपत आलात.

जॉन गिनोली आणि ख्रिस फ्रीमन. एकाचा गिटार आणि गळा, दुसऱ्याचा बास. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवात. पंक म्हणजे जोरकस, बंडखोर रॉक; तो वाजवणाऱ्यांत सगळा पुरुषी आव, आणि गे लोकांच्या क्लबात नाचायचं डिस्को. गिटार आवडणाऱ्या गे मुलानं जायचं कुठे? म्हणून यांनी स्वतःच बँड काढला. नावाचा अर्थ कळला आणि मी थांबलेच. पॅन्झी म्हणजे फूल, पण तिकडे बायकी वाटणाऱ्या पुरुषाला हिणवायचा शब्दही तोच. जर्मन रणगाड्यांच्या तुकडीला म्हणायचे पॅन्झर डिव्हिजन. त्या शब्दात ही शिवी बसवून त्यांनी आपलं नाव केलं.

तू सातवीत असताना शाळेतून शर्ट फाटलेला घेऊन आला होतास. मुलं 'बायल्या' म्हणाली, म्हणालास. मी शर्ट शिवला आणि सांगितलं, "तू जरा नीट चालत जा." हे वाक्य तुला आठवत नसेल तर बरं. मला आठवतं.

१९९४ सालची गोष्ट तर मी बाबांनाही वाचून दाखवली. ग्रीन डे नावाचा बँड होता, त्याच भागातल्या पोरांचा, दोघांचीही रेकॉर्ड कंपनी सुरुवातीला एकच, लुकआउट. त्या वर्षी ग्रीन डेचा 'डूकी' हा अल्बम आला आणि एका अमेरिकेतच त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. एवढ्या नावाच्या मुलांनी आपल्या आधी वाजवायला कुणाला नेलं, तर यांना. हजारोंची स्टेडियमं, समोर पंधरा-सोळा वर्षांची पोरं, काहींना सोडायला आलेले आईवडील, आणि रंगमंचावरून पुरुष पुरुषावरच्या प्रेमाची गाणी म्हणतायत. शिव्या पडल्या, अंगावर वस्तू आल्या. एका ठिकाणी आयोजक यांना नकोच म्हणाले, तेव्हा ग्रीन डेनं सांगितलं की मग आम्हीही वाजवणार नाही. बाबा ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असे मित्र पाहिजेत." आपल्या पोराला असे मित्र होते का, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं.

त्या दौऱ्यानंतर त्यांना लहान लहान गावांतून मुलांची पत्रं यायला लागली. आपल्यासारखं दुसरं कुणी असतं हेच ज्यांना माहीत नव्हतं, अशी मुलं. मिरजेतल्या मुलानं कधी लिहिलं असतं का, असं मनात येऊन गेलं.

आणि काळ कसला होता बघ. १९९१ म्हणजे एड्सवर धड औषध नव्हतं, जीव वाचवणारी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली. त्या शहरात माणसं अशी जात होती की कुणाच्या वहीतले निम्मे पत्ते खोडलेले असायचे. त्यात हे गातायत की आनंद सोडू नका, आणि गाण्यातच बजावतायत की कंडोम वापरा. मला पहिल्या दिवशी जो चावटपणा वाटला, त्यात एवढी काळजी होती. आईनं सांगायची गोष्ट त्यांनी तुला सांगितली. मी त्यांची ऋणी आहे.

आता थोडं सुरांचं. तुला माझं हे बोलणं लहानपणापासून आवडायचं. तंबोऱ्याची तार घोडीवरून नुसती जाऊन चालत नाही. सतारमेकर गल्लीतले कारागीर घोडी तासून तासून तिला असा उतार देतात की तार तिथे हलकी घासते. मग आपण तारेखाली सूत सरकवतो, आणि एका जागी जवारी उघडते. तारेतून झंकार येतो, एका स्वरात कितीतरी स्वर दिसायला लागतात. यांच्या गिटारातलं ते खरखरीत भरलेपण मला तसं लागलं. यंत्राला पेलत नाही इतका आवाज भरला की तो फाटतो आणि वरचे स्वर सुटे होतात. सुरुवातीला तिघंच आहेत, एक गिटार, एक बास, ढोल बडवणारा तर सारखा बदलतोय. १९९८ च्या 'ॲब्सर्ड पॉप साँग रोमान्स' या अल्बमपर्यंत दुसरा गिटार आलाय, आणि गाण्यात एकटेपण उतरलंय. नातं तुटल्याचं, वय वाढल्याचं. गिनोलीचा गळा तयार नाही, वरच्या पट्टीत तो कसाबसा पोचतो. पण खोटा स्वर एकही लावत नाही. माझ्या विद्यार्थिनींत असा गळा असता तर मी त्याला हात लावला नसता.

हा संग्रह आला २००६ साली, तेव्हा त्यांची पंधरा वर्षं झाली होती. ती पंधरा वर्षं ऐकताना मी आपली मोजत होते. 'बॉम्बे दोस्त' हे गे लोकांचं मासिक अशोक राव कवींनी मुंबईत १९९० साली काढलं, म्हणजे यांच्या आधी. अशा मुलांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ चा. पुण्यात तसंच काम करणारा बिंदुमाधव खिऱ्यांचा समपथिक ट्रस्ट २००२ पासून, आणि त्यांचं लिखाण तर मराठीतच. म्हणजे मला समजून घ्यायला परदेशी जायची गरज नव्हती. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं एका रात्रीत पोचले असते. मी गेले नाही.

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं, समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हा दिल्ली हायकोर्टाचा निकाल फिरवला. त्याच आठवड्यात तू घरी येऊन आम्हाला सांगितलंस. किती घाबरून सांगितलं असशील. आणि मी म्हणाले, "कोर्टच म्हणतंय ना गुन्हा आहे म्हणून." त्यावर कुण्या डॉक्टरचा पत्ता काढून तुला तिथे नेलं. तू मुकाट्यानं आलास, माझ्यासाठी. बाळा, तुला कसलाही आजार नव्हता. ते माझं चुकलं, आणि त्याला कसलीही सबब नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला त्याच कोर्टानं हा गुन्हा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा टीव्हीसमोर मी फोन हातात घेऊन बसले होते. तुझं नाव काढलं, आणि काय म्हणायचं ते सुचेना म्हणून ठेवून दिला. तुझाही आला नाही. त्या दिवशी तू कुणाबरोबर होतास, पेढे खाल्लेस का, मला ऐकायचं आहे.

पाडव्याला ये. त्यालाही घेऊन ये. त्याला पुरणपोळी दुधाशी आवडते की तुपाशी, ते आधी कळव. पाहुण्यांच्या खोलीत नाही, तुझ्याच खोलीत झोपायचं दोघांनी, मी गादी उन्हात घातली आहे. सीडी प्लेअर हॉलमध्ये आणून ठेवलाय, बाबांनी त्याची वायर बदलून घेतली. काही ओळी मला नुसत्या ऐकून लागत नाहीत, त्या तू लिहून दे. आणि आवाज मोठा ठेव, बाबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

तुझी,
आई