भाजले नाही म्हणजे वाचले, असे नाही

संपादक महोदय,
स. न.

आग लागली की पहिला प्रश्न, 'किती टक्के भाजलंय?' अपघात विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली, तिथेही नातेवाईक हेच विचारायचे. बंद खोलीत अडकलेल्याला मात्र बहुतेकदा ज्वाळांच्या आधी धूर गाठतो. मे 2025 मध्ये सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्यांत तिथेच राहणारी माणसे होती. शहराच्या पूर्व भागात तर खाली माग, वर संसार, असेच चालते.

सूत जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. 98 दाखवतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. म्हणून आकडा काहीही असो, 108 च्या गाडीतच पिशवीवाला मास्क घट्ट लावून ऑक्सिजन जोरात सोडावा. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. नाकात काजळी, आवाज घोगरा असेल तर घसा सुजत जातो. उशीर झाला की श्वासनळीत नळी घालणेच कठीण होते. अशा रुग्णाला 'अंगावर काही नाही' म्हणत घरी पाठवणे जिवावर बेतू शकते.

दुसरे विष सायनाइड. फोमच्या गाद्या, नायलॉन, ॲक्रिलिक, लोकर जळाली की ते धुरात येते. धुरातून काढलेला माणूस बेशुद्ध, रक्तदाब कोसळलेला, रक्तातले लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता आला नाही की साचणारे आम्ल) फार वाढलेले, अशा वेळी सायनाइडच्या अहवालासाठी थांबायचे नसते. उतारा आहे हायड्रॉक्सोकोबालामिन, बी-12 चाच एक प्रकार. मोठ्या माणसाला 5 ग्रॅम, शिरेतून, 15 मिनिटांत. (कातडी आणि लघवी लाल होते; नातेवाइकांना आधीच सांगावे, नाहीतर वॉर्डात गोंधळ ठरलेला.) बी-12 ची नेहमीची इंजेक्शने इथे कामाची नाहीत, त्यांचा डोस फार कमी. जुना उतारा सोडियम नायट्राइट. पण तो रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद आणखी घटवतो, त्यामुळे धुरात सापडलेल्यांना देणे धोक्याचे.

हायड्रॉक्सोकोबालामिन महाग आहे, मान्य. पण धाराशिव, विजयपूरकडचे रुग्णही सोलापुरातच येतात. सिव्हिलमध्ये ते, निदान सोडियम थायोसल्फेट हा सायनाइडवरचा दुसरा उतारा तरी, कायम असावे. जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी निधी द्यावा आणि किती कुप्या शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते, हे अपघात विभागाच्या फळ्यावर रोज लिहिले जावे.

— एक निवृत्त परिचारिका, साखर पेठ, सोलापूर