शून्य बाइट म्हणजे ‘मेमरी संपली’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या तोंडी परीक्षेत ‘शून्य बाइट मेमरीची मागणी आली तर कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) काय करावे?’ असे विचारले, की ‘नल (रिकामा पत्ता) परत करावा’ हे उत्तर हमखास येते. लिनक्स तसे करत नाही.

नलचा अर्थ मेमरी मिळाली नाही. तो दिसताच ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) उणे १२, म्हणजे ‘मेमरी संपली’, हा एरर वर पाठवतो. ज्या यादीसाठी मेमरी मागितली तिच्यात एकही नोंद नव्हती, एवढेच खरे कारण. लॉगमध्ये मात्र रॅम संपल्याची बोंब! पूर्वी शून्यालाही स्लॅबमधला (कर्नलच्या मेमरी-साठ्यातला) सर्वांत लहान तुकडा मिळे. त्यात कोणी चुकून चार बाइट लिहिले तरी पत्ता लागत नसे. २००७ पासून केमॅलॉक हे कर्नलमधले मेमरी देणारे फंक्शन अशा मागणीला १६ हा ठरावीक पत्ता देते. लासलगावच्या भाषेत, शून्य क्विंटलची काटापट्टी: पट्टी खरी, उचलायला माल नाही. मेमरी परत घेणारे केफ्री तो पत्ता ओळखून काहीच करत नाही. वाचायला-लिहायला गेलात, तर मेमरीचे पहिले पान मॅप केलेले (खऱ्या मेमरीशी जोडलेले) नसल्याने तिथेच ऊप्स, म्हणजे कर्नलचा चूक-अहवाल.

खरी मेख गुणाकारात आहे. वापरकर्त्याने २६,८४,३५,४५६ नोंदी मागितल्या, नोंद १६ बाइटची, आणि दोन्ही चल ३२ बिटी असले, तर गुणाकार (२ चा ३२ वा घात) ३२ बिटांत न मावता फिरून शून्य होतो. कर्नल ६४ बिटी असला तरीही. केमॅलॉककडून १६ मिळतो, ‘नल आहे का’ ही तपासणी पार पडते आणि कोड कोट्यवधी नोंदी लिहायला निघतो. म्हणून हाताने गुणाकार करू नये. केमॅलॉक-अ‍ॅरे किंवा केकॅलॉक ही फंक्शने वापरावीत. गुणाकार ओसंडला तर ती नल देतात. व्हीमॅलॉक या मोठ्या मागण्यांसाठीच्या फंक्शनचा रिवाज वेगळा: शून्याला ते इशारा छापून नलच देते.

शून्य लांबी जिथे निरर्थकच आहे, तिथे आयऑक्टलच्या (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणाऱ्या विनंतीच्या) दारातच उणे २२, म्हणजे ‘चुकीचे मूल्य’, देऊन परत पाठवावे.

प्रात्यक्षिकाला व्हर्च्युअल मशिन आणि दहा ओळींचे कर्नल मॉड्यूल पुरते. पत्ता छापताना नुसते ‘टक्का-पी’ (%p) नको, तो हॅश होऊन, म्हणजे खरा आकडा लपवून, येतो. ‘टक्का-पीएक्स’ (%px) वापरल्यास षोडशमान १०, म्हणजेच १६, दिसेल.

— एक सिस्टिम प्रोग्रामर, इंदिरानगर, नाशिक